गावभर ओळख, पण टेकायला जागा नाही

ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात जपानी शिकले आणि जेट योजनेतून, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला बोलावणाऱ्या जपान सरकारच्या योजनेतून, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे जपानला आले. शिमाने प्रांतातल्या डोंगरात एक गाव आहे, तिथल्या एका माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळांत मी इंग्रजी शिकवते, वर्गातल्या जपानी शिक्षकांच्या जोडीला. गाव सुंदर आहे आणि माणसं इतकी चांगली की तक्रार करायची लाज वाटते.

पण मला विश्रांतीच मिळत नाही. माझं काम सव्वाचारला संपतं. बाकीचे शिक्षक सात-साडेसातपर्यंत बसलेले असतात, म्हणून मीही बसते. दुकानात गेले की मुलं टोपलीत डोकावतात, सेन्सेइनं, म्हणजे बाईंनी, काय घेतलं म्हणून. मी शाकाहारी, त्यामुळे डबा नेते, तर भेंडीची भाजी बघायला अख्खा वर्ग गोळा होतो. रविवारी कधी शाळेचा क्रीडादिन, कधी गावचा उत्सव, कधी आजीबाईंचा इंग्रजी गप्पांचा वर्ग. घरी यावं तर घर इतकं गप्प की झोप लागत नाही. रात्री जेवणं उरकून आई-बाबांचा फोन येतो, तो संपेपर्यंत एक वाजतो. नातेवाईक फोटो बघून म्हणतात, ‘तू काय, रोजच सुट्टीवर!’ हल्ली सकाळी शाळेच्या आवारात गाडी लावते आणि पाच मिनिटं आतच बसून राहते. उतरावंसंच वाटत नाही.

एवढ्याशा कामानं थकते म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का? परत यावं का? आणि त्यात आता कोमिन्कानमधून, म्हणजे गावच्या समाजकेंद्रातून, पुढच्या महिन्यात पुन्हा ‘इंडियन करी’चा वर्ग घे म्हणून निरोप आलाय. नाही कसं म्हणू?

– थकलेली मास्तरीण

*

थकलेल्या मास्तरीणबाई,

तुझ्या अख्ख्या पत्रात विश्रांतीची एकच जागा मला दिसली, आणि नेमकी तिचीच तू तक्रार केली आहेस. ती गाडी. दारं बंद, काचा वर, कोणी बघत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही, जपानी वाक्य मनात जुळवायचं नाही. तुझ्या शरीरानं स्वतःहून शोधलेली ती पाच मिनिटं आहेत. त्यांच्याकडे मी थोड्या वेळानं परत येणार आहे, कारण त्यात काळजीचंही काही असू शकतं. पण आधी त्यांच्यावरून तुला नेमकं काय हवंय ते बघू.

तू तास मोजते आहेस. इतकं कमी काम आणि तरी थकवा, म्हणजे आपल्यातच खोट, असा तुझा हिशेब. मला तो चुकीचा वाटतो, कारण तुझा थकवा दिसत राहण्याचा आहे. तुझी अवस्था मोठ्या वाड्यात आलेल्या नव्या सुनेसारखी झाली आहे. सासर प्रेमळ, कोणी वाकडं बोलत नाही, उलट सगळे कौतुकच करतात. आणि म्हणूनच ती आपल्या खोलीतसुद्धा पाठ ताठ ठेवून बसते. कौतुकाच्या नजरेसमोर माणसाला पाय पसरता येत नाहीत. अशा सुनांना उसंत मिळायची ती मागच्या अंगणात, नाहीतर धुण्याच्या निमित्तानं नदीवर. सुट्टीची वाट बघत बसल्या असत्या तर त्या वेड्याच झाल्या असत्या. तुला असं मागचं अंगण शोधायचंय, आणि ते रोजच्या दिवसातच शोधायचंय. दिवाळीत पंधरा दिवस घरी येऊन झोप काढलीस तरी परत गेल्यावर आठवड्याभरात हीच परिस्थिती असेल.

आता सर्वांत सोपी गोष्ट आधी उरकते. फोन. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. आई नऊला भांडी आवरून फोन लावते तेव्हा तुझ्याकडे साडेबारा वाजलेले असतात. मला दाट शंका आहे की हे तू तिला एकदाही स्पष्ट सांगितलेलं नाहीस. ‘जागीच होते गं’ म्हणाली असशील. सांग. तुझे संध्याकाळचे सात म्हणजे साताऱ्यात दुपारचे साडेतीन, आईच्या चहाची वेळ. बाबाही हवे असतील तर रविवारी तुझ्या साडेअकराला त्यांचे सकाळचे आठ वाजतात. आठवड्यात दोनदा पुष्कळ झालं. रोज मध्यरात्री ‘मी मजेत आहे’ असं हसून सांगणं हीसुद्धा ड्यूटीच आहे, बिनपगारी. त्याऐवजी एखादी मैत्रीण धर, जिच्याशी मराठीत मनसोक्त कुरकुरता येईल. दिवसभर दोन परक्या भाषांत जपून बोलल्यावर आपल्या भाषेत वेडंवाकडं बोलण्याचं जे सुख असतं ना, त्यासाठी तिकीट काढावं लागत नाही.

नातेवाइकांचं सोड. दुरून डोंगर साजरे, आणि तू तर त्यांना डोंगरांचेच फोटो पाठवतेस.

आता शिक्षकांच्या खोलीतली ती सव्वाचारनंतरची बैठक. इथे जरा थांबते, कारण खरी गळती मला इथेच दिसते. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१८च्या पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, भाग घेतलेल्या देशांत सर्वांत मोठा. सगळ्या देशांची सरासरी होती ३८.३ तास. गंमत अशी की प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचे त्यांचे तास सरासरीपेक्षा कमीच होते. वेळ जात होता तो कागदपत्रांत, बैठकांत आणि बुकात्सुत, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या खेळ-वाद्यांच्या क्लबांत. नुसत्या क्लबांना आठवड्याचे साडेसात तास, जिथे बाकीच्या देशांची सरासरी दोन तासांच्याही आत होती. हे बरं नाही हे तिथल्या सरकारलाही कळलंय. २०२३पासून शनिवार-रविवारचे क्लब टप्प्याटप्प्यानं शाळांकडून काढून गावच्या संस्थांकडे द्यायला त्यांनी सुरुवात केली आहे. ज्या सवयीतून त्या बिचाऱ्यांना सोडवायची धडपड चालू आहे, ती तू हौसेनं अंगाला लावून घेते आहेस.

तुझा करार बहुधा आठवड्याला ३५ तासांचा असेल, जेटमध्ये सर्वसाधारणपणे तेवढाच असतो. तू खुर्चीत तीन तास जास्त बसलीस म्हणून गणिताच्या सरांची एक वही कमी तपासावी लागत नाही. उलट ‘ही अजून का बसली आहे, हिला काही अडचण आहे का’ असा विचार कोणीतरी करत असेल. इतरांच्या आधी निघताना म्हणायचं ते वाक्य तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असणार. ते म्हण, किंचित वाक, आणि नीघ. पहिले चार दिवस मान खाली जाईल. पाचव्या दिवशी कोणी वरही बघणार नाही. मुलांच्या बॅडमिंटनला जायचंय? जरूर जा, आठवड्यात एकदा, खेळायची इच्छा आहे म्हणून. आपण दिसावं म्हणून जाऊ नकोस.

आणि रजा! तुझ्या पत्रात रजेचा उल्लेखच नाही. नेनक्यू, म्हणजे हक्काची पगारी रजा, तुला आहे. बऱ्याच ठिकाणी ती तासांच्या हिशेबानंही घेता येते. तुझ्याकडे तशी सोय आहे का हे उपमुख्याध्यापकांना विचार, तिथे हा कारभार बहुधा त्यांच्याकडेच असतो. असेल तर महिन्यातून एखाद्या बुधवारी दोन तास आधी बाहेर पड. कारण सांगायची वेळ आली तर ‘खासगी काम’. झोपणं हे खासगी कामच आहे.

शाळेच्या दिवसातही फटी आहेत, तू त्या बुजवून टाकल्या आहेस एवढंच. डबा आठवड्यात दोन दिवस वर्गात खा, तीन दिवस आपल्या टेबलावर. जोडीच्या शिक्षकांना एकदा शांतपणे सांगितलंस तर ते वेळापत्रकच तसं लावून देतील, लेखी वेळापत्रकावर त्या लोकांचा गाढ विश्वास. (भेंडी तिकडेही उन्हाळ्यात मिळतेच, ओकुरा म्हणून. मुलं गोळा होतात ती भेंडीसाठी नव्हे, फोडणीच्या वासासाठी.) जेवणानंतर सगळी शाळा झाडू-फडकी घेऊन साफसफाईला लागते, तेव्हा तू काय करतेस? मुलांशी इंग्रजीत बोलत फिरत असशील, सतत उपयोगी पडायचं म्हणून. फिरू नकोस. एक जिना निवडून घे आणि तो पूस. अंग वाकलेलं, नजर पायरीवर, तोंड बंद. शेजारी पाचवीतला एखादा मुलगा तोच उद्योग करतोय आणि त्याला तुझ्याकडून काहीही नकोय. माझा अनुभव असा की माणसांत राहून मिळणारी विश्रांती एकटेपणातल्या विश्रांतीपेक्षा पुष्कळदा जास्त मुरते. तुझं घर तुला खायला उठतं त्याचं कारण हेच असावं. दिवसभर तू माणसांत असतेस, पण एक क्षणही नुसती असत नाहीस.

घरात शिरल्यावरही तुझ्यातली सेन्सेइ उतरत नाही, म्हणून तिला उतरवायचा एक ठरलेला वेळ लागेल. तो तुमच्या गावातच वाजत असणार. जपानच्या बहुतेक गावांत आपत्तीच्या सूचनांसाठी भोंगे लावलेले असतात आणि ते चालू आहेत ना हे कळावं म्हणून संध्याकाळी, बहुधा पाचला, त्यावर एखादी धून लावतात. ती वाजेपर्यंत घरी पोच. शाळेचे कपडे बदल, कामाचा फोन दुसऱ्या खोलीत ठेव, चहा टाक. धुनीनंतर धडा तयार करायचा नाही. हे कागदावर फारच साधं वाटतं, ठाऊक आहे मला.

पण तुझ्याच प्रांतातल्या एका इंग्रजीच्या मास्तरांनी हेच केलं होतं. लाफ्काडियो हर्न, पुढे कोइझुमी याकुमो या नावानं जपानी झालेले. १८९०मध्ये ते मात्सुएला शाळेत इंग्रजी शिकवायला आले. त्यांनी लिहून ठेवलंय की रोज शाळेतून परतल्यावर ते मास्तरकीचा पोशाख उतरवून सैलसा जपानी झगा घालत आणि व्हरांड्यात बागेकडे बघत बसत. पाच तास शिकवल्याचा शीण त्यात भरून निघायचा म्हणे. (घरी पत्नी सेत्सुबाई होत्या, चहा आयता हातात येत असेल. तुला उठून करावा लागणार, हा फरक मला मान्य आहे.) ते घर आणि ती बाग मात्सुएच्या किल्ल्याच्या खंदकाशेजारी अजून जपून ठेवली आहे. एखाद्या शनिवारी जा, त्या बागेकडे तोंड करून बस. फोटो काढू नकोस. काढलास तर नातेवाइकांना पाठवू नकोस.

हर्न यांना मात्सुएची थंडी मात्र झेपली नाही. दुसरा हिवाळा यायच्या आत ते कुमामोतोला निघून गेले. तेव्हा नोव्हेंबरपासून तुला जड जाऊ लागलं तर तो काही तुझ्या स्वभावाचा दोष नाही. त्या किनाऱ्याकडे ‘डबा विसर, पण छत्री विसरू नको’ अशी म्हणच आहे. डिसेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो. रॉकेलचा कॅन भरून ठेव, कोतात्सु, ते खाली हीटर असलेलं पांघरुणाचं टेबल, आत्ताच काढ, आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं का होईना आभाळाखाली उभी राहा.

आता ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याची सार्वजनिक न्हाणी. तू त्याचा उल्लेखच टाळला आहेस, आणि कारण मला कळतं. आपल्याकडच्या मुलीला चार बायकांसमोर सगळे कपडे उतरवून गरम पाण्यात बसायचं म्हणजे कल्पनेनंच घाम फुटतो. त्यात गावातल्या ओन्सेनमध्ये विद्यार्थ्याची आजी भेटणार आणि विचारणार, ‘आमचा नातू वर्गात कसा आहे?’ म्हणून गावातल्या ओन्सेनला जाऊच नकोस. गाडी आहे ना? दोन गावं ओलांडून जा, मधल्या वाराला, संध्याकाळी. तिथे तू कोणाची सेन्सेइ नाहीस. पहिल्या खेपेला धीर होत नसेल तर काही ठिकाणी तासाच्या हिशेबानं स्वतंत्र खोलीतलं कुंड भाड्यानं मिळतं, ते घे. मग एक दिवस सगळ्यांत जाऊन बघ. मी सांगते तुला, तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. तशी रीतच आहे. जिच्या टोपलीत आणि डब्यात अख्खं गाव डोकावतं, तिला न बघणाऱ्या माणसांची जागा हवी, आणि अशी जागा त्या देशात नेमकी कपडे उतरवल्यावर मिळते. तामात्सुकुरीचं गरम पाणी तुझ्या प्रांताच्या ७३३ सालच्या वर्णनग्रंथातही नोंदलेलं आहे. तेराशे वर्षं लोक त्यात शीण घालवताहेत, तुझा थोडा त्यात मावेल.

शहरात जाणं म्हणजे हार मानणं, असंही तुझ्या मनात असेल तर काढून टाक. ‘खेड्यात राहिले की खेड्यातच रमलं पाहिजे’ हा हट्ट परदेशी शिकवायला गेलेल्या मुलींमध्ये मी पाहिला आहे. रमायची सक्ती झाली की रमणं संपतं. इझुमोहून ‘याकुमो’ गाडी तीनेक तासांत ओकायामाला जाते. तिथलं कोराकुएन उद्यान बघ. पुण्यात शिकलीस ना? सिंहगड रस्त्यावरची ओकायामा बाग त्याच्याच धर्तीवर उभारलेली आहे. ओकायामाच्या गर्दीत तुला कोणी ओळखणार नाही. परदेशी माणूस, एवढंच. दोन दिवस तसं राहा आणि सोमवारी परत ये.

आणि एवढं लांब नको असेल तर किसुकी लाइन. तिला गाड्याच मोजक्या, त्यामुळे एकदा बसलीस की घाई करून उपयोग नसतो. इझुमो-साकानेला चढ इतका खडा आहे की गाडी एकदा पुढे, मग उलट मागे, पुन्हा पुढे अशी डोंगर चढते. त्या वेळात डब्यातल्या कोणालाच काही करता येत नाही. ड्रायव्हर तेवढा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो.

आता तुझी पाच मिनिटं. गाडीत बसून राहतेस हे मी चांगल्या अर्थानं घेतलं, पण ‘उतरावंसंच वाटत नाही’ हे शब्द मी नुसते सोडून देणार नाही. मी सांगितलेलं करून बघ. फोन, सव्वाचार, पाचची धून, या तीन गोष्टी महिनाभर. त्यानंतरही झोप येत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, विनाकारण रडू येत असेल, तर सल्ला मागायला माझ्याकडे येऊ नकोस, डॉक्टरकडे जा. प्रत्येक प्रांतात जेटच्या शिक्षकांसाठी सल्लागार असतात, त्यांना फोन कर, इंग्रजी बोलणारा डॉक्टर कुठे आहे ते सांगणं हे त्यांच्या कामातच येतं. इंग्रजीतून बोलायचं असेल तर टोकियोहून चालणारी टेल नावाची हेल्पलाइन अनेक दशकं आहे. आणि महिना थांबायचीही गरज नाही. जगणंच नको असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी.

परत यायचं का? आत्ता ठरवू नकोस. पुढच्या वर्षाच्या कराराचं विचारतात ते हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. तोवर तीन-चार महिने आहेत. तेव्हा झोप झालेल्या डोक्यानं ‘नको’ वाटलं तर खुशाल नको म्हण. दोन वर्षं शिकवून परत येणं ही पूर्ण झालेली गोष्ट आहे, अर्धवट सोडलेली नव्हे. आत्ता, ऑक्टोबरात, उत्सवांच्या आणि क्रीडादिनांच्या गर्दीत, रात्री एकला घेतलेला निर्णय मात्र मी मोजणार नाही.

राहता राहिली करी. पुढच्या महिन्यात म्हणतेस. तुमच्याकडे जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव इझुमोला जमतात अशी श्रद्धा आहे. तो महिना बहुधा नोव्हेंबरातच येतो, आणि देवांच्या मुक्कामाच्या आठवड्यात जुनी माणसं गाणं-बजावणं आणि घराचं बांधकामसुद्धा टाळत आली आहेत. देवांना त्रास नको म्हणून. ज्या प्रांतात शांत राहायचा असा आठवडा आहे, तिथे तुला वीस माणसांचे कांदे परतायला लावतात म्हणजे कमाल आहे.

नकार इंग्रजीत देऊ नकोस, लांबलचक माफीही मागू नकोस. कोमिन्कानच्या बाईंना भेटून जपानीत म्हण, ‘नोव्हेंबर जरा…’ आणि वाक्य तिथेच सोडून दे. तिथे अर्धं वाक्य पूर्ण नकाराचं काम करतं, आणि समोरचा माणूस ते पुढे ओढत नाही. मग लगेच, त्यांनी दुसरी तारीख सुचवायच्या आत, तूच सांग: फेब्रुवारीत करू, पदार्थ एकच, आणि कांदे त्यांनी चिरून ठेवायचे.

– ताई